हसऱ्याचे तीन ठसे

बंदी घातलेल्या परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचा हा अर्ज. अर्ज बाबांचा, अक्षर माझं. चाळीस वर्षं कवळ्या घासून त्यांची बोटं आता पेन धरत नाहीत, म्हणून ते सांगतायत आणि मी, त्यांची मुलगी, लिहितेय. प्रत्येक प्रश्नाला दोन ओळींची जागा आहे. आमच्या घरातलं काहीच दोन ओळींत मावत नाही, म्हणून हे जोडकागद.

१. प्राण्याची जात व नाव

हिरवा इग्वाना. म्हणजे सरडाच, पण शेपटी धरून तीन फूट. नाव हसऱ्या.

"जात माणसाची लिही," बाबा म्हणाले.

"बाबा, सरकारी कागद आहे."

"म्हणून तर खरं लिही म्हणतोय."

(लिहिलं. खोडलं.)

२. प्राणी कोठून मिळाला

मी आणला. हे बाबांनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहितेय. आई गेल्यावर बाबांनी वर घरात येणंच सोडलं होतं. तळमजल्यावर त्यांचं कवळ्यांचं वर्कशॉप आहे. तिथेच जेवायचे, तिथेच खुर्चीत डोळा लागायचा. प्राण्यांच्या दुकानदाराने सांगितलं, "वीतभरच राहतो, ताई. काकडी टाका आणि विसरून जा."

तेव्हा तो माझ्या खिशात मावला होता. बाबांनी त्याला तळहातावर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आधी जबडा बघितला. माणसाचाही ते आधी जबडाच बघतात.

"याला वर उजेडात ठेवायला हवं," म्हणाले.

त्या दिवशी ते जिना चढून वर आले, ते परत राहायला खाली गेले नाहीत.

३. प्राण्यास कोठे ठेवले आहे

वरच्या खोलीत, खिडकीशी, आईच्या शिलाई मशीनवर. रोज चार तास ऊन.

"काच बंद ठेवून, असं लिही. एकदा पडता पडता वाचलाय. निष्काळजी समजतील आपल्याला."

काच बंद ठेवून.

४. आहार

"नवी कवळी बसवली की मी गिऱ्हाइकाला काय सांगतो? मऊ खा." हसऱ्या गेल्या वर्षापासून नीट चावेना, म्हणून दुधात भिजवलेला पाव आणि कुस्करलेलं अंडं. कुस्करतात बाबाच. मी केलेलं त्यांना जाडंभरडं वाटतं.

५. स्वभाव

हसरा. ओठांची टोकं वर, गाल फुगलेले. शेजारणी मुद्दाम बघायला येतात. बाबांचं ठरलेलं वाक्य आहे: "अख्ख्या गल्लीत अस्सल हसू एवढंच. बाकीची सगळी मी केलेली."

६. आरोग्य दाखला (पशुवैद्यकाने भरावा)

हा रकाना भरला तर हसऱ्या घरी राहणार. नाही भरला तर प्राणी केंद्रात. कायदा येण्याआधीपासून पाळलेल्या प्राण्यांना एवढीच सवलत आहे.

डॉक्टरीणबाई आज सकाळी आल्या. बाबांनी हसऱ्याला ओल्या फडक्याने पुसून ठेवलं होतं, मुलगी दाखवायला काढावी तसं. बाईंनी त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवली, हलकेच दाबली आणि तशाच थांबल्या.

"काका, हा हसत नाहीये. जबडा सुजलाय. हाडं मऊ पडलीत याची."

"मला जबडा शिकवू नका, बाई. तुम्ही दुपट्यात होतात तेव्हापासून जबडे हाताळतोय."

"ऊन कुठे मिळतं याला?"

"हे काय, इथे! रोज चार तास!"

"बंद काचेतून? उन्हातलं जे हाडांना लागतं ते काचेतून येत नाही, काका. चार तास नुसता उजेड. आणि याला पाला लागतो. दूध, पाव, अंडं यातलं याचं काहीच नाही."

बाबांचा चेहरा बघवेना. म्हणून मीच भांडले. "आम्ही काय छळ केला का याचा? बंदी घालायची तर त्या दुकानदारावर घाला!"

"घातलीय की. त्याच्यावरही." बाईंचा आवाज चढला नाही. "छळ करणारे मला वर्षातून दोन-चार भेटतात. बाकी सगळे तुमच्यासारखेच. परवा एक आजोबा माकडाला स्वेटर घालून घेऊन आले. जीव की प्राण. त्याच माकडाने त्यांच्या नातीचा कान फाडला, कारण ते मोठं झालं आणि मोठी माकडं तसंच करतात. एका बाईंनी लांबच्या देशातली कासवं तळ्यात सोडली. पुण्य समजून. आता तळ्यातली आपली कासवं दिसेनाशी झालीत. एकेकाला समजावत बसते, तोवर प्राणी हाताबाहेर जातो. म्हणून सरसकट बंदी."

बाबा उठले आणि जिना उतरून खाली गेले. मला वाटलं, रागावले. बाईंनाही वाटलं, कारण त्यांनी बॅग आवरायला घेतली.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये प्लास्टरचे तीन ठसे.

वर्कशॉपच्या एका फळीवर आमच्या घरातल्या सगळ्यांचे ठसे आहेत. माझ्या दुधाच्या दातांपासून आईच्या शेवटच्या कवळीपर्यंत. हसऱ्या घरी आला त्या तारखेला बाबा दरवर्षी त्याच्या हनुवटीला कोमट मेण लावायचे, त्यात प्लास्टर ओतायचे आणि ठसा फळीवर ठेवायचे. वाढदिवस म्हणून. गंमत म्हणून.

तिन्ही ठसे त्यांनी शिलाई मशीनवर ओळीने मांडले. पहिला निमुळता, कडा सरळ. दुसरा कडेला जरासा फुगीर. तिसरा पावासारखा गोल, आणि त्यावर ते हसू.

बाबांनी तिन्हींवरून अंगठा फिरवला. मग परत पहिल्यावर आले.

"गिऱ्हाइकाचे असते तर दुसऱ्याच ठशाला सूज ओळखली असती मी," ते म्हणाले. "तिन्ही माझ्या हाताने भरलेत. शेजारी शेजारी ठेवले नाहीत कधी."

हसऱ्या हसत होता.

मग बाईंनी सांगितलं, की घरी ठेवायचं तर खास दिवे लागतील, खोलीभर पिंजरा, रोज औषध. तेवढं केलंत तर मी सही करते. केंद्रात उघडं ऊन आहे. तुम्ही ठरवा.

७. प्राणी स्वतःकडे ठेवू इच्छिता काय? (हो / नाही)

"हो लिही."

लिहिलं.

बाबा हसऱ्याकडे बघत बसले. त्याने मान उचलली. ती थरथरली आणि खाली गेली. हे तो नेहमीच करायचा. आम्ही त्याला लाजणं म्हणायचो.

"खोड," बाबा म्हणाले.

"बाबा, दिवे आणू आपण. आईची खोली रिकामीच आहे."

"खोड म्हणतोय ना."

"आणि तुम्ही पुन्हा खाली जाऊन बसलात म्हणजे?"

"मी कुठे बसतो हे या अर्जात विचारलेलं नाही."

(हो खोडलं. नाही.)

८. कारण

बाबा उठून खिडकीची काच सरकवायला लागले. तीन वर्षांत जाम झाली होती, मलाही हात लावावा लागला. ऊन थेट हसऱ्याच्या पाठीवर आलं. त्याने डोळे मिटले आणि हळूहळू सगळं अंग चपटं करून पसरलं, फडकं वाळत घालावं तसं. असं त्याने आमच्याकडे कधीच केलं नव्हतं.

"हे लिही," बाबा म्हणाले.

कसं लिहायचं ते मला कळलं नाही. पडू नये म्हणून आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना हात धरून उभे राहिलो, केंद्राची गाडी येईपर्यंत.

---

दुसरा कागद. केंद्राचा. दहा आठवड्यांनंतर.

भेट देणाऱ्याचे प्राण्याशी नाते: वडील. (हे बाबांनी स्वतः लिहिलंय. वेडंवाकडं, पण लिहिलंय. मी खोडलं नाही.)

प्राण्याची प्रकृती: पाला चावून खातो. सूज उतरतेय, जबडा थोडा वाकडाच राहील असं डॉक्टरीणबाई म्हणतात. हसत नाही.

प्राण्याने ओळखले काय? नाही. बाबांनी खिशातून मेण काढलं, चौथ्या ठशासाठी. हात पुढे केला तर हसऱ्याने गळ्याची झालर फुगवली आणि शेपटी हाणली.

भेट देणाऱ्यास इजा झाली काय? हो. उजव्या मनगटावर वळ.

बाबा परतीच्या रस्त्यावर बाही वर करूनच चालत होते. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला दाखवला, शेजारणीला दाखवला. "बघा, कसला फटका! हाडात ताकद आल्याशिवाय बसतो का असा?"

मग ते वर्कशॉपकडे वळले. मी जिन्यावर थांबले. आतून खुडबुड ऐकू आली, फळीवरून काहीतरी काढल्याची. थोड्या वेळाने ते पहिला ठसा घेऊन बाहेर आले आणि माझ्या पुढे होऊन जिना चढायला लागले.

"चल गं. वर खिडकी उघडीच राहिलीय."