एकशे चौसष्ट मणी आणि एक मोकळं टोक

मित्रांनो, मी पेशीतल्या एका छोट्या आरएनएची जुनी प्रतिकृती आहे. तांब्याच्या तारेत ओवलेल्या एकशे चौसष्ट मण्यांची. कमळाबाई कोपरच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांना एका फेरीत दोन गोष्टी साधायच्या होत्या: सुनेचा फिकेपणा तिच्या माहेरच्या माथी मारायचा आणि लेकाला सुईपासून वाचवायचं.

पण आधी माझं ऐका. मला घडवलं डोंबिवलीच्या सुमतीबाईंनी. त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. मणी चार रंगांचे, कारण आरएनएची अक्षरं चारच. माझी तार स्वतःवरच दुमडून चार वेटोळी घेते, एक टोक मात्र मोकळं. सगळी ऐट त्या टोकाची! जनुकाचा कच्चा निरोप लांबलचक असतो, त्यात मध्येमध्ये नको ते तुकडे. ते गाळून उरलेले जोडायचे. कुठे कापायचं ती खूण माझं टोक अक्षराला अक्षर जुळवून ओळखतं. म्हणजे पेशीतली माझी खरी बहीण ओळखते. मी आपली नक्कल.

मुलं माझं कौतुक करायची. मग पडद्यावर हलती चित्रं आली आणि मी कपाटावर धूळ खात पडले. बाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांची विद्यार्थिनी डॉक्टर मृणाल मला दवाखान्यात घेऊन आली.

तिथे दर्शना आली, तिसरा महिना लागलेली. सासूने, म्हणजे या कमळाबाईंनी, तिला वर्षभर बीट आणि खजूर चारले होते, फिकेपणा तसाच. तपासणीत कळलं, ती थॅलेसेमियाची वाहक आहे. आता तिच्या नवऱ्याचं, नयनचं, रक्त बघणं भाग होतं, म्हणून तिघंही आली.

"माजे पोराला सुई कशाला, डॉक्टरीणबाय? आमचे घरान असला काय नाय."

मृणालने मण्यांची एक पट्टी, म्हणजे निरोपातली ती कापायची खूण, माझ्या टोकाला लावली. चपखल बसली. मग पट्टीतला एकच मणी बदलला. ती सैल पडून लोंबायला लागली.

"एवढंच बिघडतं, काकू. एक अक्षर. मग कापायची जागा चुकते आणि रक्त नीट बनत नाही. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. दर्शनाची दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून तिचं निभावतं. नयनकडेही बिघडलेली असली आणि बाळाच्या वाट्याला दोन्ही तसल्याच आल्या, तर त्याला जन्मभर बाहेरचं रक्त चढवावं लागेल."

दर्शनाने पोटावर हात ठेवला. नयनने बाही वर केली. "आये, गप ना जरा!"

"मंग माजा पन घ्या," कमळाबाईंनी पदर खोचला. "बगा तरी, मिठागरान राबलेला रगात कसा हाय तो!"

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. नयन निर्दोष. दर्शनाने इतका लांब श्वास सोडला की माझी तारसुद्धा हलली.

"बाळ फार तर दर्शनासारखं होईल. चिंता नको," मृणाल म्हणाली. मग दुसरा कागद उघडून थांबली. "काकू, वाहक तुम्हीही आहात."

"मी? मंग नयनला..."

"मिळू शकलं असतं. अर्धी शक्यता होती. सुटला तो."

दर्शना हळूच म्हणाली, "आई, उद्यापासून बीट तुम्हाला किसून देऊ का?"

आधी नयन हसला, मग खुद्द कमळाबाई.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. लग्न ठरवताना दोघांचंही रक्त मात्र तपासून घ्या. दर वेळी नशीब असं हात देईलच असं नाही. या घरात बाळ सुटलं, नयन सुटला, सूनही टोमण्यांतून सुटली. भुर्दंड पडला तो एकट्या कमळाबाईंच्या तोऱ्याला, आणि तो त्यांनी हसत भरला.