कच्च्या रंगाचा रुमाल

मी एक जुना रुमाल आहे. मित्रांनो, लगेच खिशाकडे हात नेऊ नका. नाक पुसायचा रुमाल वेगळा आणि मी वेगळा. कचेरीतले जुने कागद ज्या जाड लाल फडक्यात बांधून फळीवर ठेवतात, त्यालाही रुमाल म्हणतात. तो मी. मी उपकार विसरत नाही आणि अपमान तर मुळीच विसरत नाही. शहाण्या, क्षमाशील रुमालाची गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा.

माझा जन्म लढाईच्या दिवसांतला, १९४४ सालचा. कापड मोजून मिळत होते आणि रंग तर मिळतच नव्हता. कल्याणच्या एका रंगाऱ्याने चिमूटभर रंगात घागरभर पाणी ओतले आणि आम्हा बारा भावंडांना त्यात बुडवून काढले. रंग कच्चा राहिला. जरा ओल लागली की माझा लाल रंग सुटून शेजारच्याला लागे. यात माझा काय दोष? पण बोलणी मात्र मीच खाल्ली.

भावंडे इतर कचेऱ्यांत वाटली गेली आणि माझी एकट्याची रवानगी ठाण्याच्या एका कचेरीत झाली. कचेरीचे नाव सांगत नाही, कारण तिथली बाकीची माणसे सरळ होती. दफ्तरखोलीचा कारभार विश्रामरावांकडे होता. गोरेपान, अंगात पांढराशुभ्र लांब कोट, आणि जीभ कात्रीसारखी. पहिल्याच पावसाळ्यात माझा रंग त्यांच्या बाहीला लागला. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी वैर धरले. दौत सांडली की मलाच ओढून पुसत. नवा शिपाई आला की मला दाखवून म्हणत, "हा बघ, आमचा रडका." फळीच्या वहीत त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहून ठेवले, "रुमाल सदतीस. रंग कच्चा. बदलावा." तो मी. बदलला मात्र कधीच नाही. मी सगळे मनात ठेवत गेलो.

१९४९ साली माझ्या पोटात काडीमोडाचे कागद आले. त्याआधी गावोगाव काडीमोड पंचांसमोर होत असे. काडी मोडायची, दोन तुकडे दोन दिशांना टाकायचे, संपला संसार. नवा कायदा आला आणि ज्या बाईला पंच दाद देत नव्हते तिला कोर्टाची वाट खुली झाली. कोलशेतच्या पलीकडे खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातली मनुबाई त्या वाटेने आली. तिचा नवरा गोमाजी तिला टाकून दुसऱ्या बाईबरोबर राहत होता. नांदवतही नव्हता, काडीही मोडत नव्हता. कोर्टाने तिला मोकळे केले. तो हुकूम, साक्षी, अंगठे, सगळे माझ्यात बांधले गेले. तिच्या आसवांनी ओलावलेल्या त्या कागदाला मी माझा रंग लागू दिला नाही. कोरडा राहिलो, घट्ट राहिलो.

पुढे मनुबाईने गुणाजी नावाच्या भल्या नाखव्याशी पाट लावला. त्यांना मालन नावाची मुलगी झाली. कोर्टाची नक्कल तिने घरी वेताच्या पेटीत ठेवली होती. एका साली उधाणाचे पाणी घरात शिरले आणि त्या नकलेचा लगदा झाला. तेव्हा कोणाला काही वाटले नाही. पेटी वाळवली, कागद फेकून दिला.

१९५४ साली गोमाजीची दुसरी बाई त्याला सोडून गेली. मग त्याला मनुबाईचे सुख बघवेना. त्याने फिर्याद ठोकली की मनुबाई अजून आपलीच बायको आहे, आणि नवरा हयात असताना तिने दुसरे लग्न केले आहे. हा गुन्हा होता. दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख लागली. हुकुमाची नक्कल त्या दिवशी दाखवता आली नाही तर मनुबाईला तुरुंग होता, आणि तीन वर्षांच्या मालनला लोक काय म्हणाले असते ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखे नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, गुणाजी होडी घेऊन दर्यावर गेलेला. मनुबाई एकटीच ठाण्याला आली. बाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाने तिला विचारले, "नवऱ्याचं नाव?" आता इथे गंमत बघा. काडी मोडली त्या नवऱ्याचे नाव पुन्हा जिभेवर आणायचे नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आणले तर तोडलेले पुन्हा जोडले जाते असे म्हातारी माणसे सांगत. कोर्टातून बाहेर पडताना तिने पायरीवर स्वतःच्या हाताने काडी मोडली होती आणि तशी शपथ घेतली होती. त्यामुळे ती नुसती घुटमळली. अर्जनवीसाला घाई होती. शेजारच्या बाईने सांगितले, "गुणाजीची बायको हाय ती." झाले. अर्जात लिहिले गेले, "पती गुणाजी याच्याशी झालेल्या काडीमोडाची नक्कल मिळावी."

अर्ज विश्रामरावांच्या टेबलावर आला. त्यांना सगळे ठाऊक होते. गोमाजी दर आठवड्याला त्यांच्या मागच्या दाराशी ताजे जिताडे मासे पोचवत होता, आणि का पोचवत होता हेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी वही उघडण्याचे सोंग केले.

"गुणाजी नावाची नोंद नाही," ते म्हणाले.

"साहेब, कोरटानं हुकूम दिलेला. माज्या समोर दिलेला."

"असेल. आमच्याकडे नाही. नाव नाही तर नक्कल नाही."

मी तिसऱ्या फळीवर होतो. तिच्यापासून चार हातांवर तिचा हुकूम माझ्या पोटात होता. मित्रांनो, तोंड नसणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. ती दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा विश्रामराव तिला म्हणाले, "बाई, स्वप्नात मिळाला असेल हुकूम." आणि हसले. त्या हसण्याची मी गाठ बांधून ठेवली.

नकला लिहायला त्या वर्षी सुहासिनीबाई नव्याने लागल्या होत्या. चष्म्याच्या, थोड्या फटकळ, कागद पुरा वाचल्याशिवाय खाली न ठेवणाऱ्या. त्यांनी तो अर्ज उचलला आणि मनुबाईला जवळ बोलावले.

"बाई, हा गुणाजी कोण?"

"माजा घोव."

"मग काडीमोड कोणाशी झाला?"

मनुबाईने मान फिरवली. "त्याचा नाव मना घेवाचा नाय, बाय. काडी मोडलीय मी."

"तुमची रीत मला मान्य आहे. पण ही वही नवऱ्याच्या नावाने लावलेली आहे. तुम्ही नाव घेत नाही, म्हणूनच तुम्हाला परत पाठवता येतं." असे म्हणताना सुहासिनीबाईंनी विश्रामरावांकडे एकदा पाहिले.

मनुबाईच्या ते लक्षात आले. तिची पाटी रिकामी होती, मासे विकून ती तशीच आली होती. तिने पदर खोचला. आतापर्यंत ती हात जोडून उभी राहत असे, त्या दिवशी तिने हात कमरेवर ठेवले.

"मी त्याचा नाव गिळून बसलंय, आन् तो त्याच्यावरच जगतंय होय?" ती म्हणाली. "लिवा बाय. गोमाजी. गोमाजी. आजून मोठ्यानं सांगू?"

सगळी कचेरी थांबून बघू लागली. वही उघडली. ग, गो, गोमाजी. सन १९४९, रुमाल सदतीस.

विश्रामराव म्हणाले, "दुपारनंतर काढून ठेवतो." आणि सगळे जेवायला उठल्यावर त्यांनी मला फळीवरून ओढले, काखेत दाबले आणि मागच्या अडगळीत नेऊन मोडक्या कपाटामागे कोंबले. भाद्रपद महिना, खोलीला एकच खिडकी, अंगातून घामाच्या धारा. मित्रांनो, दहा वर्षे मी या क्षणाची वाट पाहत होतो. त्या दिवशी मी कोरडा राहायचा कसलाही प्रयत्न केला नाही. जेवढा रंग रंगाऱ्याने दिला होता, तेवढा सगळा त्या कोटाला दिला. काखेपासून कमरेपर्यंत दिला.

विश्रामराव परत येऊन कचेरीच्या मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, रुमाल सदतीस फळीवर नाही. वर्षानुवर्षे मी त्याला हातही लावलेला नाही."

साहेब वृद्ध, मितभाषी गृहस्थ होते. ते काही बोलण्याआधी सुहासिनीबाई म्हणाल्या, "विश्रामराव, कोटाला काय लागलं तुमच्या?"

त्यांनी खाली पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. साहेबांनी फळीची वही मागवली आणि विश्रामरावांच्याच सुरेख अक्षरातली ओळ वाचली, "रुमाल सदतीस. रंग कच्चा." पूर्ण कचेरीत रंग जाणारा रुमाल एकच होता, आणि हे विश्रामरावांनीच दहा वर्षे ज्याला त्याला ऐकवले होते. शिपायाने पाच मिनिटांत मला कपाटामागून काढले. माझ्या आतला हुकूम जसाच्या तसा होता. त्याच्या कडेलासुद्धा डाग नव्हता.

नक्कल मिळाली. तारखेला मूळ कागदही मागवले गेले, म्हणून मीसुद्धा कोर्टात गेलो. फिर्याद टिकली नाही. खोटी फिर्याद केली म्हणून गोमाजीवरच उलटी चौकशी लागली. बाहेर पायरीवर मनुबाईने झाडूची एक काडी घेतली, त्याच्या डोळ्यांसमोर मोडली, आणि सगळ्या कोळीवाड्यादेखत त्याला नावाने हाक मारली. "गोमाजी, ऐक. तुजा नाव घेतला, काय जोडला नाय. आता रोज घेन. मासली कापताना घेन." लोक हसले. गोमाजी मान खाली घालून गेला. कोणी म्हणेल, एवढे सुडाने वागू नये. ज्याने तिला तुरुंगात धाडायचे ठरवले होते, त्याची कीव त्याच्या बाजूच्यांनी करावी.

विश्रामरावांची नोकरी गेली. मला फार बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

माझीही नोकरी गेली म्हणा. साहेबांनी त्याच आठवड्यात हुकूम काढला की रंग जाणारे रुमाल बाद करावेत. रद्दीच्या ढिगात पडलो होतो. सुहासिनीबाईंनी मला उचलून मनुबाईला दिले. तिने मला खाडीच्या पाण्यात धुतले, तेव्हा उरलासुरला रंगही वाहून गेला. आज मी फिकट, मातकट फडके आहे. पूर्वी माझ्यात शेकडो लोकांचे कागद होते, आता एकच आहे, मनुबाईची नक्कल. पत्र्याच्या पेटीत, छपराच्या आड्याशी, उधाण पोचणार नाही इतक्या उंचीवर मी तो धरून बसलो आहे. मालन शाळेत जाते. तिला आईने पहिली गोष्ट काय शिकवली असेल तर दाव्याचा नंबर आणि साल. ती ते पाढ्यासारखे म्हणते.

मित्रांनो, तुम्हीही आपल्या घरचे कागद असे जपा. कोणता कागद, कोणत्या साली, कोणाच्या नावाने, एवढे पाठ करा, म्हणजे कोणी हसून तुम्हाला परत पाठवू शकणार नाही. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी कचेरीत कागद राखायला बसलात, तर फळीवरच्या रुमालाशी आणि दारातल्या बाईशी नीट वागा. दोघेही सगळे लक्षात ठेवतात.

परवा सुहासिनीबाई मासळी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी सांगितले की विश्रामराव अजून तोच कोट घालतात, डाव्या बाजूला छत्री धरून. चार धोबी झाले, पण डाग काही निघाला नाही. मला मात्र ते जन्मभर कच्च्या रंगाचा म्हणाले.