एका घरचं एकच नाव

सावळेराम डुंबरे यांनी उभी हयात जुन्नरच्या एसटी स्टँडवर काढली. कोणती गाडी कुठल्या फाट्यावरून वळते, कुठल्या घाटात खोळंबते, हे ते कंट्रोलच्या खिडकीशी बसून, गाड्या पुकारता पुकारता, डोळे मिटून सांगत. पण ज्या गावात जन्मले त्या गावातल्या गल्ल्या मात्र त्यांना घर, स्टँड आणि भाजीबाजार यांच्यापुरत्याच ठाऊक होत्या. बायकोचं उलट. द्वारका कोथिंबिरीला म्हणून पिशवी घेऊन निघायची आणि कुठल्याशा बोळातली जाई, नाहीतर कुणाच्या परसातला जुना हौद पाहून तासाभराने परतायची. "एकदा चला माझ्याबरोबर, अख्खं जुन्नर दाखवते," ती म्हणायची. "जुन्नरात काय बघायचंय," असं म्हणून ते, तिने उंबऱ्यावर भरून ठेवलेला तांब्या उभ्याउभ्याच तोंडाला लावायचे. ड्यूटीवरून येण्याच्या वेळी तो तांब्या तिथे असायचाच.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. कुलूप काढण्याआधी ते अजूनही खाली उंबऱ्याकडे पाहत.

वर्षश्राद्धाला जेवून जाणाऱ्यांना आईच्या नावाचा एकेक तांब्या द्यायचा, असं वृषालीने, त्यांच्या मुलीने, पुण्याहून फोनवर ठरवून टाकलं. सावळेरामांनी बाजारात भिमाजीच्या दुकानातून स्टीलचे तांबे घेतले, पण नाव टाकायचं मशीन बंद होतं. सकाळपासून लोडशेडिंग.

"दुपारपातूर काय लाइट येत नाय राव," भिमाजी म्हणाला. "त्यापेक्षा मागं कासमभाईकडं जावा. त्ये हातानं टाकत्यात."

"मागं म्हणजे कुठं?"

"ह्या भिंतीच्या बगलंनं. आवो, दुनियेला वाट दाखवता आन् तुमाला ही म्हाईत नाय?"

दोन भिंतींमधली ती फट त्यांनी आजवर गटाराची समजली होती. तांब्यांचं पोतं छातीशी धरून, अंग तिरपं करून ते आत शिरले, तर दहा-बारा पावलांनी ती रुंद झाली. धुतल्यासारखी फरशी, खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया, कोनाड्यात झोपलेलं मांजर आणि एका पडक्या कुंपणावर दाट चढलेली जाई. द्वारका सांगायची ती हीच असावी, असं त्यांच्या मनात आलं. बाजाराचा गलका पाठीमागे एकदम विझला होता. कौलांच्या वर शिवनेरी दिसला तेव्हा मात्र ते थबकले. किल्ला उजव्या हाताला होता. या दिशेला तोंड करून चालताना तो डावीकडे असायला हवा; जन्मापासून तो तिथेच होता. वळणावळणांत आपलीच दिशा चुकली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण गल्ली सरळ होती.

ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांत तांब्या धरून, छिन्नीवर हलकेच हातोडी मारत ठिपक्यामागून ठिपका उठवत होते.

"या भाऊ. काय नाव टाकायचं?"

"कैलासवासी द्वारका सावळेराम डुंबरे."

हातोडी थांबली. कासमभाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, आणि गुडघ्यांतला तांब्या उजेडाकडे फिरवला. त्यावर 'कै. सावळेराम कोंडाजी' इतकं, त्यांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव, उठलं होतं. आडनाव व्हायचं होतं.

सावळेराम ओट्याच्या पायरीवर बसले. त्यांनी विचारलं, "हे कुणी दिलं?"

"बाईंनी. मालकांचं वरीस आलंय म्हनं. एरवी लई बोलत्यात, येता-जाता टेकत्यात हितं. ह्या बारीला गपच व्हत्या. येवढंच म्हनल्या, त्यास्नी ही गल्ली दाखवायची राह्यली."

"न्यायला कधी येणार?"

"येतीलच आता दुपारच्याला. तुमाला थांबा म्हनलं आस्तं, पर तुमी दोघं हितं एका टायमाला..." कासमभाईंनी वाक्य सोडून दिलं. मग छिन्नीचं टोक अंगठ्यावर घासत, गिऱ्हाइकाची नेहमीची अडचण सांगावी तसं म्हणाले, "आन् आमची एक रीत हाय, बापापासूनची. एका घरची दोन नावं एका साली आमी घालत नाय; एक जातं, एक मागं ऱ्हातं. त्या एक म्हनत्यात, तुमी एक म्हनताय. कुनाचं पुरं करू, सांगा."

सावळेरामांनी जाईकडे पाहिलं. त्या घरात एकट्याने बसणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं: मूठभर तांदळाचा भात, दोन्ही वेळचा, आणि ट्रंकेत घडी न मोडलेली लुगडी. ते वर्षभर बसून राहिले होते, कारण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. द्वारका बसून राहिली नसती. रडून झाल्यावर ती पिशवी घेऊन निघाली असती.

"बाईंचं काम पुरं करा," ते म्हणाले.

"आन् ही कोरी भांडी?"

"असू द्या इथंच."

ते निघाले तेव्हा हातोडी पुन्हा सुरू झाली होती, आणि एकेक ठिपका त्यांना पाठीमागे फटीच्या तोंडापर्यंत ऐकू येत राहिला. भिमाजीकडे लाइट आली होती. त्यांनी त्याला हाक मारली, पण त्याने मान वर केली नाही. मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. स्टँडवर नारायणगावच्या गाडीचा पुकारा चालला होता आणि आवाज त्यांना अनोळखी, कुणा तरण्या माणसाचा होता. घरी जायला पाय धजेनात म्हणून ते नदीकाठी बसून राहिले. ऊन कलल्यावर उठून घराकडे निघाले तेव्हाही, एरवी डावीकडे असणारा शिवनेरी उजव्याच हाताला होता.

घराला कुलूप नव्हतं. पायरीवर तिच्या चपला होत्या, अंगठा शिवून घेतलेल्या. आतून फोडणीचा वास आला, आणि वासामागून द्वारका. पुष्कळच वाळली होती. हातातला नवा तांब्या तिने उंबऱ्यावर ठेवला, त्यांचं नाव रस्त्याच्या बाजूला येईल असा जरा फिरवला, आणि समोर उभ्या असलेल्या त्यांच्या आरपार, स्टँडकडून येणाऱ्या वाटेकडे, पाहत राहिली. मग पदराला हात पुसत आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

तांब्या काठोकाठ भरला होता. सावळेरामांना केव्हाची तहान लागली होती. पण हात पुढे करायचा त्यांना धीर होईना.