ओलं, सुकं आणि मधलं

आमच्या कागद गिरणीचा इतिहास एका पानात लिहून द्या, असं पुतण्या म्हणाला. मी हो म्हणालो आणि तो गेल्यावर घाबरलो. घरात वाचणारा मी एकटाच, म्हणून मला लिहिताही येत असणार असा सगळ्यांचा समज आहे. तो खोडून काढायचं धैर्य मला आजवर झालेलं नाही.

पान हवं होतं गिऱ्हाइकाला. पुतण्या, माझ्या दुसऱ्या भावाचा मुलगा, यंत्राची सुकी बाजू विकायला निघाला होता. गिऱ्हाइकाची अट एकच: वाफेची सिलिंडरं घेईन, पण त्यांच्या अलीकडचे, ओला कागद पिळणारे दाबाचे रोल सोबत हवेत. नाहीतर काहीच नको. आणि ते रोल कुणाचे हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

ओल्या बाजूची मालकीण म्हणजे माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. सुकी बाजू गेली तर तिच्याकडे नुसता लगद्याचा हौद उरणार होता. लगद्याच्या काही कुणी पिशव्या करत नाही.

"धाकटे काका, खरं असेल तेच लिहा," ती फोनवर म्हणाली. "पण जरा आठवून लिहा."

मी आठवायला बसलो. आजोबांनी पत्र्याच्या छपरात हातांनी पुठ्ठा काढायला सुरुवात केली. वडिलांनी कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीतून हे लांबलचक यंत्र आणलं आणि सिमेंटच्या पिशव्यांचा जाड तपकिरी कागद काढायला लागले. इथपर्यंत लेखणी बरी चालली. पुढे वाटणी आली आणि मी अडखळलो.

यंत्र एकच, भाऊ आम्ही तिघे. थोरल्या दादाला लगदा कळायचा, दुसऱ्याला वाफ कळायची, आणि मला काय कळायचं हे मलाही कळत नव्हतं. वडिलांनी ठरवलं की यंत्रच वाटायचं. एका टोकाला लगदा जाळीवर पसरतो आणि त्याचा ओला कागद होतो, तो भाग दादाचा. दुसऱ्या टोकाला तो तापलेल्या सिलिंडरांवर वाळून रिळावर गुंडाळला जातो, तो भाग दुसऱ्याचा. चालतं यंत्र असं मधोमध तोडून दुसऱ्या कुणी वाटलं असेल असं मला वाटत नाही. अर्थात माझं वाचन तोकडं आहे.

वडिलांनी दोघांच्या हातात खडू दिले. "आपापली हद्द आखा," म्हणाले.

दादाने रोलांच्या अलीकडे रेघ मारली. "रोल त्याला असू देत. मी थोरला आहे."

दुसऱ्याने रोलांच्या पलीकडे रेघ मारली. "मला नकोत. दादाचेच ते. उद्या लोक म्हणायचे, पाठच्या भावाने हावरटपणा केला."

"हावरट कोण म्हणालं तुला?"

"म्हणाला नाहीस, पण चेहरा बघ तुझा!"

दोघांनाही रोल हवे होते हे मला ठाऊक होतं, वडिलांनाही असावं. पण एकदा मारलेली रेघ पुसणं म्हणजे हावरटपणा कबूल करणं. कुणी पुसली नाही. वडिलांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, मग मधे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, जेवायला."

मी तिथे उभा होतो कारण ती जागा उबदार होती आणि दिव्याखाली वाचता यायचं. त्यापलीकडे कारण नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

नंतर त्या खडूच्या रेघांवर पिवळा रंग चढला. दादाची माणसं आपल्या रेघेपुढे पाऊल टाकत नसत, दुसऱ्याची आपल्या रेघेमागे येत नसत. कागद फाटला की त्याचं ओलं टोक हाताने पुढे द्यावं लागतं, त्यासाठी मधे वेगळा कामगार ठेवला. रजा कुणाकडे मागायची हा त्याला प्रश्न पडला, तेव्हा तो माझ्याकडे यायला लागला. मी प्रत्येक वेळी रजा देत असे, कारण नाही कसं म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. मग गिरणीत सगळे मला मधले मालक म्हणू लागले. घरात मधला दुसरा भाऊ, त्याला याचा भारी राग यायचा.

दादा म्हणायचा, "एवढा लगदा घातला आणि रीळ एवढंसंच कसं भरलं?"

"पाणी होतं तुझ्या लगद्यात!"

रोलांनी पिळून काढलेलं ते पाणी दोघांच्या मधे माझ्या चपलांवर पडत असे. ते कुणाचं हेही शेवटपर्यंत ठरलं नाही. दोघे भाऊ तसेच भांडत वारले आणि बाजू मुलांकडे आल्या.

आता हे पानात कसं बसवायचं? पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, 'रोलांपर्यंत दादा.' वाचलं तर रोल दादाचे वाटत होते. बदलून लिहिलं, 'रोलांपासून पुढे दुसरा भाऊ.' आता ते त्याचे झाले. मी तर फक्त वाक्य सुबक करत होतो! मला धडकीच भरली. पुतणीने शिक्षण झाल्यापासून त्याच हौदाशी दिवस काढले आहेत. पुतण्याचंही काही खोटं नाही. त्याचा बॉयलर म्हातारा झालाय, तोही थकलाय, आणि बाहेरगावी गेलेली त्याची मुलं परत येणार नाहीत. दोघांच्या बाजूने विचार करायला बसलो की दोघे बरोबर वाटतात. हा माझा जुना आजार आहे.

ठरल्या दिवशी गिरणीत गेलो. यंत्र बंद होतं. पुतणी आपल्या रेघेवर, पुतण्या आपल्या रेघेवर, आणि गिऱ्हाईक चकचकीत बूट घालून बाजूला. मी सवयीने मधे जाऊन उभा राहिलो.

"वाचा काका," पुतण्या म्हणाला.

मी आजोबांपासून सुरुवात केली. गिऱ्हाइकाने घड्याळ पाहिलं.

"काका, पुठ्ठा राहू दे. रोलांचं काय ते सांगा."

"रोलांचं मी दोनदा लिहिलंय."

"दोनदा?"

"एकदा तुझ्या बाजूने, एकदा हिच्या."

पुतणी हसली, पण तिचे डोळे हसत नव्हते. "तुमचं हे नेहमीचं. खरं काय ते बोला. वाटणीच्या दिवशी आमचे आजोबा काय म्हणाले होते?"

"ते म्हणाले, चला, जेवायला."

"बास?"

"बास."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," पुतण्या म्हणाला. तो चिडला नव्हता, समजावत होता. "मग आडकाठी कशाला? रोल माझ्या सिलिंडरांना लागून आहेत. लिहा सुक्या बाजूचे आणि सही करा. ताईला मी वाऱ्यावर सोडणार नाही."

"तुझ्या दयेवर राहू?"

"दया कुठे म्हणालो मी?"

"म्हणाला नाहीस, पण चेहरा बघ तुझा!"

मी दचकलो. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं? बहुधा जेवायला नेलं असतं. दोघेही माझ्याकडे बघत होते आणि मला दोघेही बरोबर वाटत होते. तेवढ्यात माझ्या तोंडून वाक्य निघालं. ते मी कुठल्याच खर्ड्यात लिहिलं नव्हतं.

"रोल माझे आहेत."

मग गिऱ्हाइकाने विचारलं, "हे कोण?"

"मधले मालक," पुतणी पुटपुटली.

"मग विकता का?"

"नाही." नाही म्हणणं एवढंसं असतं, हे मला माहीत नव्हतं.

गिऱ्हाईक गेलं. पुतण्या रिळावर बसला आणि डोकं धरून म्हणाला, "काका, केलंत काय हे! मी पुन्हा विकायला काढणार, आत्ताच सांगून ठेवतो."

"काढ. पण मला विचारून." हेही मीच बोललो असावं.

पुतणी माझ्याजवळ आली, तरी रेघेच्या तिकडेच राहिली. "मग रोल मला द्या ना काका. मी चालवीन."

"तुलाही देत नाही."

"अहो, का?"

तिला दिले तर पुतण्या हरतो एवढं दिसत होतं, पण तेच खरं कारण होतं का, की मला पहिल्यांदा माझं म्हणून काही हवं होतं? या वयात? लाज वाटली, तरी शब्द परत घ्यावेसे वाटेनात.

मग हौदाकडे वळून तिने माणसांना आवाज दिला, "लगदा सोडा रे!" पुतण्या शिव्या हासडत उठला आणि वाफ सोडायला गेला. कुणाचा निर्णय झाला आणि कधी, मला समजलं नाही.

यंत्र घरघरलं. रोल फिरू लागले. आपले आहेत तर एकदा बघावं म्हणून मी हात पुढे केला.

"ओ मालक!" पुतण्या तिकडून ओरडला. "बोटं जातील! लांब उभे राहा!"

मी एक पाऊल मागे सरलो. तरी मधेच होतो.