जोसेफचं आख्यान

या, असे जवळ सरकून बसा. जपानातल्या कोबेच्या बंदराजवळ एका संध्याकाळी कीर्तनातलं आख्यान अर्धवट राहिलं, त्याची ही गोष्ट.

गुणवंतबुवांनी चिपळ्या उंचावून गजर थांबवला, उपरण्यानं कपाळ टिपलं आणि उत्तररंगाला हात घातला. मराठी मंडळानं भाड्यानं घेतलेल्या त्या हॉलच्या काचेबाहेर रोक्को डोंगरावरचे दिवे धुक्यात विरघळत होते. आता ध्रुवाची कथा येणार, असं सगळे धरून चालले होते.

"इंग्लंडात जोसेफ नावाचा एक दिवाणजी होता," बुवा म्हणाले.

पेटीवर बसलेल्या केदारनं चमकून वर पाहिलं. शेवटच्या रांगेत सुमेधानं मान खाली घातली. ती बुवांची लेक, आणि जोसेफ तिच्या प्रबंधातला. अठराव्या शतकातल्या त्या माणसाबरोबर तिनं चार वर्षं काढली होती. त्याच्याबद्दल तुला नवीन काय सांगायचंय, असं प्रोफेसरांनी विचारलं तेव्हा तिला उत्तर सुचलं नव्हतं. सकाळीच चहा ओतताना तिनं सांगून टाकलं होतं, की बाबा, मी पीएचडी सोडतेय, टोकियोत नोकरी बघते. बुवा नुसतं "बरं" म्हणाले होते आणि उपरण्याला इस्त्री करत राहिले होते.

आता ते रंगात आले होते. जमीन डोंगरात आणि मालक लंडनच्या मेजवान्यांत. कुळांकडून खंड गोळा करायचा जोसेफनं, खाणीतलं शिसं वितळवून घ्यायचं जोसेफनं, तट्टांवर लादून बंदराला धाडायचं आणि भाव चढेपर्यंत थोपवून धरायचं, तेही जोसेफनंच. बुवांनी सूर लावला तशी शिशाच्या लाद्या वाहणारी तट्टं धुक्यातून उतरू लागली. सुमेधाला वाटलं, ती रोक्कोच्याच उतारावरून येताहेत. गळ्यातल्या घंटा हलवत, रेल्वेचे रूळ ओलांडून, हॉलच्या दारावरून खाली समुद्राकडे चाललीत.

मग एका हिवाळ्यात शिशाला गिऱ्हाईक उरलं नाही. खाण बंद कर, असा मालकाचा हुकूम आला. बाहेर बर्फ. जोसेफनं हुकूम खिशात घातला आणि खाण चालू ठेवली. गोदामं भरत गेली, पण खाणकऱ्यांच्या घरची चूल एक दिवस विझली नाही. सुमेधानं या हिवाळ्याला प्रबंधात 'भावाचा चुकलेला अंदाज' म्हटलं होतं.

बुवा थांबले.

"यापुढचं मला ठाऊक नाही. सुमेधा, ऊठ, सांग."

ती उठली. "मालकानं त्याला काढून टाकलं."

"मग गेला कुठं तो?" पुढच्या सतरंजीवरून जयमालाकाकूंनी विचारलं. काकू लग्न होऊन कोबेला आल्या त्या इथंच पिकल्या.

"माहीत नाही, काकू."

"बायकोमुलं?"

"तेही माहीत नाही."

"अगं, चार वर्षं त्याच्याबरोबर राहिलीस ना? शिशाचा भाव तेवढा विचारलास होय गं त्याला?"

हॉलमध्ये हसू पसरलं. सुमेधालाही हसू आलं, आणि मग डोळे भरून आले. ज्या माणसानं परक्याचं सगळं सांभाळलं, त्याला त्या बर्फात कुणी दार उघडलं का, हे तिनं खरंच कधी विचारलं नव्हतं.

"शोधून सांग हो," काकू म्हणाल्या. "मी काही एवढ्यात जात नाही."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. आख्यान इथंच थांबेल, ते पुरं करायला पुढल्या वर्षी माझ्याऐवजी माझी लेक उभी राहील, असं ते म्हणाले आणि लेकीकडे पाहिलं. सुमेधा नाही म्हणाली नाही.

आरतीचं तबक फिरत तिच्यापर्यंत आलं. ज्योतीवरून फिरवलेले हात तिनं डोळ्यांना लावले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

आता तुम्हीही घरी जाल, देवापुढे दिवा लावाल. तेव्हा त्या जोसेफची आठवण काढत जा. सुमेधाला तो सापडेपर्यंत तरी.