न सुटणारी वेणी

सुखदा पुण्यात हाडांची डॉक्टर झालेलीच होती. तरी पोरीचं समाधान होईना, म्हणून गुडगावच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वर्षभर फक्त खांदा आणि कोपर शिकायला आली. अख्खं शरीर सोडून दोन सांध्यांना एक वर्ष. असतं म्हणे तसं.

पहिले सहा महिने तिनं काय केलं, तर हात धरले. तिथले मोठे सर्जन सबरवाल सर दुर्बिणीतून खांद्याच्या आत टाके घालायचे, आणि भूल दिलेल्या पेशंटचा हात हवा तसा वळवून धरायची सुखदा. चारशे तरी हात धरले असतील. एकानंही तिचं नाव विचारलं नाही. झोपलेली माणसं ती, विचारणार कशी?

खोलीवर आली की गाठींचा सराव. खांद्यातल्या टाक्याची गाठ बाहेर मारून आत सरकवायची असते. तिनं खुर्ची बांधली, चपला बांधल्या, नळ बांधला. एकदा दाराची कडी अशी बांधली, की घरमालकानं सुतार आणला, सुतारानं करवत आणली, आणि शेवटी कापलं ते दार, गाठ नाहीच. त्या दिवशी घरमालक तिच्याशी पाऊण तास बोलला. ओरडतच होता, पण तिला फार बरं वाटलं.

मग एका सोमवारी सर म्हणाले, "सुखदा, कलवाला ऑपरेशन तुम करोगी. पूरा."

ते ऑपरेशन प्रभाकाकूंचं. काकू मराठीच, दिल्लीत सरकारी नोकरीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये एकट्या. स्टुलावरून पडून उजव्या खांद्यातला स्नायू हाडापासून सुटलेला. सुखदानं तो परत शिवला. सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात, असं बजावलं. त्यापुढे मात्र एक दिवसही नको, नाहीतर खांदा आखडतो, हे सरांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

टाके काढायला काकू आल्या, तर डोक्याचं घरटं झालेलं.

"काकू, केस विंचरत नाही का?"

"डाव्या हातानं विंचरून बघ एकदा. परवा कबूतर अंडं घालून गेलं."

"मी घालू वेणी?"

झालं. दर बुधवारी आणि रविवारी सुखदा मेट्रोनं आयएनए स्टेशनला उतरायची, काकूंची वेणी घालायची आणि टोकाला ऑपरेशनच्या दोऱ्याची तीच गाठ मारायची. ती गाठ सुटायची नाही. कात्रीनंच कापायची, आणि कापायला सुखदानंच यायचं. मे महिन्यात धुळीचं वादळ आलं, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उडाली ती सफदरजंग विमानतळाच्या धावपट्टीवर जाऊन उतरली, पण काकूंचा एक केस हलला नाही.

"अगं, तुला मैत्रिणी नाहीत का?" काकू डाव्या हातानं फोडणीचा भात वाढत विचारायच्या. "की फक्त खांदेच ओळखतेस?"

"कोपरंही ओळखते."

अख्ख्या दिल्लीत तिला "अगं" म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं.

सहावा आठवडा संपला. काकू तपासायला आल्या. सुखदानं खांदा चाचपला. शिवण छान धरली होती, पट्टा काढायलाच हवा होता.

"अजून दोन आठवडे राहू द्या, काकू."

तोंडातून गेलं, मग कागदावरही गेलं. काकूंनी एक प्रश्न विचारला नाही.

"तू म्हणशील तसं," म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या "तू म्हणशील तसं"नं तिचं जेवण गेलं. दुपारी सर एका बाईंचा आखडलेला खांदा सोडवत होते, महिनोन्‌महिने पट्ट्यात ठेवलेला. हात सुखदानंच धरला होता. लाकडासारखा लागत होता. तशीच ती मेट्रोत बसली.

दार उघडताच म्हणाली, "काकू, मी खोटं बोलले. पट्टा आजच काढायचा होता."

"का गं?"

सुखदा आरशापुढच्या कंगव्याकडे बघत राहिली. काकूंनीही तिकडे बघितलं.

"खांदा माझा होता, सुखदा," काकू हळू म्हणाल्या.

"हो."

तिनं पट्टा काढला, काकूंना पाठीवर झोपवलं, डाव्या हातानं उजवा उचलायला शिकवलं. हात हळूहळू कपाळापर्यंत आला. "रोज चार वेळा. दीड-दोन महिन्यांत वेणी तुमची तुम्हीच घालाल."

मग तिनं जुनी गाठ कापून वेणी घातली, सावकाश, नेहमीपेक्षा घट्ट. टोकाला मात्र पर्समधलं साधं रबर लावलं, कुणालाही ओढून काढता येईल असं. पर्स उचलून दाराशी गेली. रविवारचं तिनं विचारलं नाही.

"हे रबर काही टिकायचं नाही," काकू मागून म्हणाल्या. "दोरा आणला नाहीस का आज?"

दोरा तिच्या खिशातच होता.