ब्लोअरमधलं बिऱ्हाड

बेबीची पन्नाशी जवळ आली होती. शाळेत ती भूगोल शिकवायची आणि मागच्या बाकांवरची टारगट पोरंही तिला टरकून असायची. घरात मात्र ती अजून बेबीच होती. हे नाव ठेवणारे तिचे वडील, अण्णा, आई गेल्यावर काही काळ एकटेच राहिले. मग बेबीने त्यांना शिलाई मशीनसकट आपल्याकडे आणलं. नवरा नोकरीपायी परगावी असायचा, सुट्टीला तेवढा यायचा. एरवी घरात बापलेक दोघंच.

अण्णा जन्माचे शिंपी, आणि स्वच्छतेचे भारी वेडे. "माप घ्यायला वाकलं की आपलं डोकं गिऱ्हाइकाच्या नाकाखाली येतं," ते सांगायचे. "जरा वास आला की गिऱ्हाईक तुटलं म्हणून समज." त्यामुळे दोन वेळा आंघोळ, इस्त्रीचे कपडे आणि खिशात धुतलेला रुमाल हे दुकान बंद केल्यावरही सुटलं नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांतला दाब वाढला होता. दर थोड्या दिवसांनी बेबी त्यांना गाडीतून डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायची. अण्णा मागच्या सीटवर ऐसपैस बसायचे आणि रस्त्यावरच्या माणसांच्या कपड्यांची शिवण कशी फसलीये ते सांगत राहायचे. बेबी हसून हसून बेजार व्हायची.

मग गाडीत वास यायला लागला.

आधी तिला वाटलं, कुठेतरी दुधाची पिशवी फुटली असेल. पायपुसणी धुतली, आरशाला सुगंधी डबी टांगली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी डबीचा वास आणि तो वास एकमेकांत मिसळून आणखीच उग्र झाला. तिखट, नाकात बसणारा. सार्वजनिक मुतारीच्या बाहेर येतो तसा. आणि एकदा तसं मनात आल्यावर तिची नजर आरशातून मागच्या सीटवर गेली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

त्या दिवसापासून ती काच खाली करून गाडी चालवू लागली. अण्णांना काही विचारायला तिची जीभ रेटेना. स्वतःच्या बापाला असं कसं विचारायचं? त्याऐवजी तिने एक सोपी गोष्ट केली. मागच्या सीटवर जाड प्लास्टिक अंथरलं आणि वरून जुनी चादर टाकली. पुढच्या वेळी अण्णा दार उघडून क्षणभर उभे राहिले. चादरीचा कोपरा उचलून त्यांनी खालचं प्लास्टिक पाहिलं, कोपरा जागच्या जागी ठेवला आणि बसले. त्या दिवशी ते कुणाच्याच कपड्यांविषयी बोलले नाहीत.

शाळेत जाताना बेबीबरोबर गणिताच्या बाई असायच्या. मनाने चांगली बाई, पण पोटात काही राहायचं नाही. एके सकाळी गाडीत बसताच त्यांनी नाकाला रुमाल लावला. "अगं, कसला वास हा? गाडीत काय मेलंय की काय?"

बेबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता गाडी घाणेरडी ठेवते म्हणून शाळाभर होणार! ती घाईघाईने बोलून गेली, "वडील बसतात ना मागे. वय झालंय आता. त्यांना कळत नाही."

"अगंबाई," गणिताच्या बाई कळवळल्या. "सांगायचं नाहीस का आधी!"

त्यानंतर त्या वासाबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. बेबीला सुटल्यासारखं झालं.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. बेबी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. दार अण्णांनी उघडलं. तिला गणिताच्या बाईंचा आवाज ऐकू आला.

"काका, हे तुमच्यासाठी आणलंय. माझे सासरेसुद्धा शेवटी हेच वापरायचे. एकदम आरामात राहतं बघा. आणि यात लाजायचं काही नाही हं, वय झालं की होतं असं."

बेबी हातात चिमटा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. अण्णांच्या हातात एक फुगीर पाकीट होतं. त्यावर हसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं चित्र होतं आणि प्रौढांसाठी डायपर असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. अण्णांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं, एखाद्याने दुसऱ्याचं मूल धरायला दिल्यासारखं.

"आभारी आहे," ते म्हणाले. "बसा ना. चहा होतोय."

मग ते पाकीट घेऊन आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. रात्री जेवायला आले नाहीत. भूक नाही म्हणाले. बेबीने फार आग्रह केला नाही. बरंच झालं, तिने स्वतःची समजूत घातली. आपल्याच्याने जे बोलवत नव्हतं ते परस्पर बोलून झालं.

पुढच्या आठवड्यात अण्णा म्हणाले, "दवाखान्यात मी बसने जात जाईन. तेवढंच चालणं होतं."

"गुडघा दुखतो ना तुमचा?"

"दुखतो, पण चालतं."

"बरं," बेबी म्हणाली. किती पटकन म्हणाली ते तिचं तिलाच जाणवलं.

त्यानंतर अण्णांच्या खोलीतून दुपारी मशीनचा आवाज येऊ लागला. बेबी शाळेतून लवकर आली की तिला तो ऐकू यायचा. तिला वाटलं, चला, त्यांचं मन कशात तरी रमलं. काय शिवताय, असं तिने एकदा बाहेरूनच विचारलं. "असंच, चिंध्या जोडतोय," असं उत्तर आलं.

गंमत म्हणजे अण्णा गाडीत बसायचे बंद झाले, तरी वास काही जाईना. बेबीने मागची सीट पैसे देऊन आतून धुवून घेतली. तरीही तेच. मुरला असणार, तिने ठरवून टाकलं.

मग तो उकाड्याचा दिवस आला. शाळा सुटली होती, रस्त्यावर गाड्यांची ही रांग. काचा उघड्या ठेवाव्यात तर धूर आत. गणिताच्या बाई मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन घामाने डबडबल्या होत्या. "अगं, काचा लाव आणि ते ब्लोअर जरा मोठं कर. जीव चाललाय माझा."

बेबीने काचा वर केल्या आणि ब्लोअरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. वासापायी बरेच दिवस तिने त्याला हात लावला नव्हता. आधी खरखर झाली, मग कुणीतरी खोकल्यासारखा आवाज आला आणि समोरच्या जाळीतून भसकन कचरा उडाला. कागदाचे तुकडे, राखाडी कापूस, शेंगांची टरफलं. आणि काळे काळे दाणे, थेट उत्तरपत्रिकांवर. पाठोपाठ तो वास आला, दहापट होऊन, तोंडावर फेकल्यासारखा.

गणिताच्या बाईंनी एक दाणा चष्म्याजवळ नेला. "बाई गं! लेंड्या आहेत ह्या! उंदराच्या!" त्यांनी गठ्ठा फेकला आणि चालत्या गाडीतून उतरायचंच तेवढं बाकी ठेवलं.

बेबीने गाडी कडेला घेतली. गणिताच्या बाई पदपथावर उभ्या राहून कपडे झटकत होत्या. बेबी मात्र स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. लेंड्यांची तिला किळस आली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे अण्णा दिसत होते, चादरीचा कोपरा उचलणारे.

गणिताच्या बाईंना रिक्षात बसवून ती गॅरेजात गेली. मेकॅनिकने तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे घातले आणि डाव्या बाजूचा कप्पा खोलून काढला. आतली हवेची जाळी बाहेर ओढली तर निम्मी कुरतडलेली. त्याने आत औषधाचं पाणी फवारलं, थोडं थांबला आणि हात घालून एक गोळा बाहेर काढला. दोन्ही ओंजळींत मावेल एवढं घरटं होतं. कागदी रुमालांचे तुकडे, बॉनेटखालचा कापूस, दोऱ्यांची गुंतवळ. मधोमध गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं वळवळत होती.

"बऱ्याच दिवसांचं बिऱ्हाड आहे हे," मेकॅनिक म्हणाला. "गाडी कुठे लावता?"

"मागच्या भिंतीपाशी. झाडाखाली."

"वायपरच्या खालून शिरतात. आणि गाडीत खाण्याचं असतं का काही?"

कप्प्यात शेंगदाण्यांची फाटकी पुडी होती. सिग्नलला थांबलं की तोंडात टाकायला. "असतं," बेबी म्हणाली. "माझंच."

त्याने घरटं पुठ्ठ्यावर ठेवून मागच्या कुंपणाकडे नेलं. आई आली तर नेईल, म्हणाला. बेबीने तिकडे पाहिलं नाही. तो परत आल्यावर तिने विचारलं, "मागच्या सीटचंही बघता का? धुतली तरी वास येतो तिला."

मेकॅनिक आत वाकला, फडकं खाली करून सीटजवळ नाक नेलं. "सीटला काही नाही हो. सगळा वास पुढून. ब्लोअर बंद असलं तरी गाडी पळायला लागली की बाहेरची हवा त्या घरट्यातूनच आत येणार. मागे कोण बसतं?"

"वडील."

"ते बोलले नाहीत का काही?"

"नाही," बेबी म्हणाली. "ते काहीच बोलले नाहीत."

घरी आली तेव्हा मशीन चालू होतं. तिने दार ढकललं. अण्णा पायपट्टीवर पाय ठेवून वाकून बसले होते. सुईखाली एक जाड पट्टी होती, जुन्या टॉवेलचे थर आणि वर मऊ सुती कापड, कडेने बारीक, सरळ टीप. तशाच शिवलेल्या पट्ट्यांची चळत शेजारी घडी घालून ठेवली होती. पाकीट कोपऱ्यात होतं, न फोडलेलं. बेबीला बघताच अण्णांनी त्या चळतीवर हात ठेवला. एवढा मोठा माणूस, पण चोरी पकडली गेल्यासारखा हात ठेवला.

"अण्णा, गाडीत उंदीर होते."

"कुठे?"

"ब्लोअरमध्ये. घरटं केलं होतं, पिल्लंपण होती. तो वास त्यांचा होता."

मशीनचं चाक थांबलं. "सगळा?" अण्णांनी विचारलं.

"सगळा."

त्यांनी सुईखालची पट्टी सोडवून बाजूला ठेवली. "मी बघायचो गं. दवाखान्यातून आलो की बघायचो. दरवेळी कपडे कोरडे असायचे. मग म्हटलं, आता आपल्या हातालाही कळेनासं झालं असेल. निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं बंद केलं. तरी वास यायचाच. आणि तू म्हणतेस म्हणजे असणार, असं वाटलं."

"मी कुठे म्हणा..." बेबी बोलता बोलता अडखळली. खरंच ती त्यांना काही म्हणाली नव्हती. इतर सगळं केलं होतं, फक्त म्हणाली नव्हती.

"माझं चुकलं अण्णा."

तिला वाटलं होतं, ते म्हणतील असू दे, होतं असं. लहानपणापासून ते तसंच म्हणत आले होते. पण अण्णांनी चष्मा काढून मशीनवर ठेवला. "हो. चुकलं. मला विचारायचंस. मला राग आला असता, वाईटही वाटलं असतं, पण ते तुझ्यामाझ्यात राहिलं असतं. त्या बाई दारात उभ्या राहून मला ते पाकीट देत होत्या आणि तू आत होतीस. तू बाहेर आलीस आणि तिथेच उभी राहिलीस."

तिने पट्ट्यांची चळत उचलायला हात पुढे केला तर ते म्हणाले, "राहू दे. माझं मी बघतो. तू त्या बाईंना जे सांगितलंस ना, ते जाऊन परत नीट सांग."

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाई उंदरांची कथा रंगवून सांगत होत्या. सगळे खो खो हसत होते. बेबी हसणं ओसरायची वाट बघत उभी राहिली. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "तो वास माझ्या वडिलांचा नव्हता. मी खोटं सांगितलं होतं. म्हणजे, मला माहीत नसताना सांगितलं होतं."

दोघातिघांनी नजरा टेबलावरच्या वह्यांकडे वळवल्या. आपल्या वडिलांविषयी काही सांगितलं गेलं होतं हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, हे त्यावरूनच बेबीला कळलं. गणिताच्या बाईंचा चेहरा उतरला. "अगं, मी त्यांच्या हातात... अगं, काय केलं मी हे!"

संध्याकाळी त्या आल्या. अण्णांनी स्वतः चहा केला. पाकीट कागदात गुंडाळून परत दिलं, "कुणाच्या तरी उपयोगी पडेल," म्हणाले आणि त्यांच्या बाहीची उसवलेली टीप तिथल्या तिथे घालून दिली. त्या जाईपर्यंत डोळे पुसत होत्या. बेबीला ते बघवेना. चूक तिची होती आणि माफी दुसरीच बाई मागत होती.

गाडी आता उन्हात, मोकळ्यावर उभी राहू लागली. हवेच्या वाटेवर बारीक तारेची जाळी बसली. वास गेला. अण्णा मात्र बसनेच जायचे. बेबीही गाडी घरी ठेवून त्यांच्याबरोबर बसने जायला लागली. ते नको म्हणाले नाहीत, ये असंही म्हणाले नाहीत. पुढे त्यांचा गुडघा फारच सुजला, तेव्हा एका सकाळी ते आपण होऊन गाडीपाशी गेले आणि पुढचं दार उघडून बसले. बेबीने गाडी चालू केली.

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. शेजारच्या खुर्चीवर डोळ्याला पट्टी बांधलेले एक गृहस्थ होते. अण्णांनी त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या. "आमच्या गाडीत उंदरांनी बिऱ्हाड थाटलं होतं हो, सांगतो काय! पोरंबाळं, खाणंपिणं, वर फुकटचा गार वारा." ते गृहस्थ हसू लागले. अण्णांनी गणिताच्या बाईंच्या उत्तरपत्रिका अशा काही उडवल्या की पलीकडचे दोघंतिघंही ऐकायला वळले.

"पण एवढे दिवस वास नाही का आला तुम्हाला?" त्या गृहस्थांनी विचारलं.

बेबीने मांडीवरच्या पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"आला ना," अण्णा म्हणाले. "पण कशाचा ते कुणाला कळलंच नाही."

ते तिच्याकडे बघत नव्हते. बेबीलाही त्यांच्याकडे बघण्याचा धीर झाला नाही. आतून त्यांचा नंबर पुकारला गेला. अण्णा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागले, गुडघ्याने साथ दिली नाही आणि ते अर्धवट उभे राहिले. बेबीने हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि दोघं आत गेली.